पहिल्या रांगेतली खुर्ची

मी एक लाल खुर्ची. प्लॅस्टिकची, हातांची. कामशेतच्या अंबाजी आबांच्या मंडपाच्या सामानात राहते. लग्नं, दहावे, गणपती, सगळीकडे गेले आणि बसेल त्याचं वजन निमूट पेललं. पण शेजारच्या कान्हे गावात मुलामुलींच्या कुस्त्या झाल्या, तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे.

साच्यातून गरम गरम बाहेर पडले तेव्हा वाटलं होतं, दमल्याभागल्याला टेकू द्यायचा, एवढंच आपलं काम. माणसांनी ते एवढं सोपं ठेवलं नाही.

कान्ह्याच्या मैदानात मॅट अंथरली होती. मला पहिल्या रांगेत मांडलं. सगळ्यांच्या आधी सावित्राबाई येऊन माझ्यावर बसली. डोंगरातल्या वाडीवरून लेकीला घेऊन पायी उतरली होती. लेक छकुली त्या दिवशी सेमीफायनल खेळणार होती. बाई पुरती टेकलीसुद्धा नाही, कडेवरच बसली.

बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता आला. "मावशी, उठा हितनं. ह्या पाव्हण्यांच्या खुर्च्या हायत."

"माजी पोर खेळणार हाय, भाऊ. हितनं नीट दिसतंय."

"मागनं बी दिसतं."

मागून काय दिसतं? माणसांच्या पाठी. ती गेली आणि उभी राहिली. मी तासभर रिकामी. पाहुणे आले ते मुलं घामाघूम होऊन झुंजत असताना. चालू कुस्ती थांबवून शाली वाटल्या. मुलांची अंगं गार पडली, त्याचं कुणाला काही नाही.

मग माझ्यावर सोपान बसला. छकुलीशी जिची कुस्ती होती, त्या समीक्षाचा बाप. कमिटीत ओळख, म्हणून पुढची जागा. कुस्ती सुरू झाली आणि हा बुटांसकट माझ्यावर उभा राहिला.

"मोड तिचा हात. वाडीवरच्या पोरीला हारतीस व्हय?"

माझे पाय वाकायला लागले. मागच्यांना काही दिसेना. तरी कुणी बोललं नाही. सावित्राबाईच गर्दीतून वाट काढत पुढं आली.

"भाऊ, खाली बसा. दोगी बी लेकरंच हायत."

त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मॅटवर समीक्षा मात्र बापाकडे पाहत होती, डोळ्यांत भीती. तेवढ्यात छकुलीनं खाली वाकून तिच्या पायांना मिठी घातली, पट काढला आणि तिची पाठ लावली. पंचांनी शिट्टी दिली, छकुलीचा हात वर केला.

सोपान खाली उतरला. पंचांना शिवी दिली, मला उचललं आणि मॅटवर भिरकावलं.

मला थांबता आलं नाही. मी छकुलीच्या गुडघ्यावर आदळले. माझा एक पाय मोडला. छकुली गुडघा धरून खाली बसली. सावित्राबाई धावली. एवढ्या घाईतही तिनं चपला मॅटच्या बाहेर काढल्या.

कमिटीतला एक जण सोपानच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "कुस्ती म्हटल्यावं मानूस गरम व्हतोच." मग माईकवरून सांगितलं, छकुली जखमी आहे, तिच्या जागी फायनल समीक्षा खेळेल. टाळ्याही वाजल्या. लाज वाटली मला.

मॅटच्या कडेला बसलेली समीक्षा उठली नाही. "मी हारले. मी न्हाई खेळणार."

"गप उठ," सोपान म्हणाला.

"पप्पा, मी खेळताना मला फकस्त तुमचाच आवाज येतो. भ्या वाटतं."

एवढं बोलून ती छकुलीजवळ गेली, तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि गुडघ्यावर बर्फ धरून बसली. त्या दिवशी शहाणपण होतं ते त्या दोघींपाशी आणि त्या आईपाशी.

छकुलीचा पाय प्लॅस्टरमध्ये गेला. पुढच्या निवड चाचणीला ती मुकली. आता पुन्हा तालमीत जाते असं ऐकते. सोपानला कुणी काही विचारलं नाही.

अंबाजी आबांनी माझा पाय तारेनं आवळून बांधला आणि परवा मला तळेगावच्या कुस्त्यांना धाडलं. मी शेवटच्या रांगेत. पुढं सोफ्यावर कोण? सोपान, हातात सत्काराचा नारळ. दोन लहान पोरं मॅटवर उतरली आणि हा पुन्हा उभा राहून ओरडायला लागला. शेजारचा एक जण हसला. एकानं मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं. बाकीचे माना वाकड्या करून त्याच्या कडेनं पाहत राहिले.

सोपानचा राग मला येतोच. पण त्याच्याशेजारी गप्प बसणाऱ्यांचा त्याहून जास्त येतो. तुम्हीही असता त्यांच्यात. माझ्यावरच बसलेले असता.

मला पाय आहेत, पण उठता येत नाही. तुम्हाला येतं. तेव्हा उठा, आणि त्याला खाली बसवा.