शांतम्माच्या पायातलं विकर

मी एक विकर बोलतोय. डॉक्टर लोक ज्याला एन्झाइम म्हणतात, ते. माझं नाव सार्म-वन. मोटारीच्या नंबरासारखं वाटतं ना? काय करणार, माझ्या बारशाला आत्या नव्हती, शास्त्रज्ञ होते.

जिंतूरच्या शांतम्माच्या मज्जातंतूंत मी राहतो. तंतू म्हणजे निरोप वाहून नेणारी तार. पायाला काटा बोचला की डोक्याला खबर जाते, ती याच तारेतून.

नावाला मी एक, पण आहोत आम्ही आठ जण, खांद्याला खांदा लावून गोल बसलेले. प्रत्येकाला एक जबडा आहे. दोन जबडे एकमेकांना भिडले तरच चावता येतं, म्हणून ते दूर दूर बांधून ठेवलेले असतात. खांद्यातल्या खाचेत एनएडी नावाचा रेणू येऊन बसला की कडी लागते आणि मी गप्प राहतो. या एनएडीवरच तंतू जगतो. आणि कडी निघाली तर मी खातो तेही एनएडीच. म्हणजे माझं भक्ष्यच मला धरून बसलेलं असतं.

हा एनएडी एनएमएन नावाच्या कच्च्या मालातून घडतो. घडवणारा कारागीर मणक्याजवळून निघून पार अंगठ्यापर्यंत येतो. बिचारा अल्पायुषी, सतत नवा यावा लागतो. तो आला नाही की कच्चा माल साचतो आणि एनएडीला उठवून स्वतःच खाचेत बसतो. मग कडी निघते, जबडे भिडतात. मी तंतूचं सगळं बळ खाऊन टाकतो आणि तंतू तुकडे तुकडे होतो. मला तेव्हा थांबता येत नाही. मी दुष्ट नाही, पण हे ऐकून शांतम्माला काय मिळणार?

शांतम्मा पायमशीनवर ब्लाउज शिवते. तिच्या हातची बाही कधी चुकत नाही. तिचा नवरा शिवरुद्रअप्पा, किराणा दुकानदार, सरळ माणूस. तिला नऊ वर्षांपासून शुगर आहे. चहा बिनसाखरेचा घ्यायची आणि त्यावर दोन केळी खायची. त्या साखरेनं कारागिरांची वाट खराब केली. सर्वांत लांब पोचायचं ते पायाच्या बोटांना, म्हणून आधी तिथंच माझी कडी निघाली.

आधी तिच्या उजव्या पायाला मुंग्या आल्या. रात्रंदिवस मुंग्या. पुढे वर्षभरात त्या थांबल्या. "मुंग्या गेल्या बघा, आता बरं वाटायलंय," ती अप्पांना म्हणाली. अप्पांनी देवापुढे नारळ फोडला. मी मात्र हादरलो. मुंग्या गेल्या नव्हत्या, तंतू मेले होते.

त्या हिवाळ्यात तिला तो पाय लाकडासारखा जड वाटू लागला. अप्पांनी वीट तापवली, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि शेक द्यायला बसले. त्यांच्या घरची रीत अशी, की ज्याला शेक द्यायचा त्यानं 'बास' म्हटल्याशिवाय हात आखडायचा नाही.

"बसायलाय का शेक?"

"न्हाई. अजून लावा."

अप्पांनी वीट पुन्हा तापवली. त्या दिवशी तीनदा तापवली. ती 'बास' म्हणालीच नाही, कारण पोळल्याचा निरोप नेणारी तार मी आधीच खाऊन बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळपायाला हा एवढा फोड आला. जखम चिघळली, काळी पडली. परभणीच्या दवाखान्यात पाऊल कापावं लागलं. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "शेक कुणी दिला?"

"म्या," अप्पा म्हणाले. त्यानंतर दोन दिवस ते जेवले नाहीत. मला त्यांना सांगावंसं वाटलं, अप्पा, तुमचा हात नव्हे, माझा जबडा. माझी कडी बाहेरून घट्ट करणारं औषध शास्त्रज्ञ शोधत आहेत म्हणे. अजून ते दवाखान्यात मिळत नाही.

आता शांतम्मा डाव्या पायानं मशीन चालवते. डॉक्टरांनी बजावलंय, हा पाय रोज तपासा, जाणीव कमी वाटली तर त्याच दिवशी या, उशीर केला तर हाही जाईल. म्हणून रोज सकाळी लिंगपूजा झाली की अप्पा कापसाचा बोळा घेऊन तिच्या पायाशी बसतात.

कालही बसले.

"डोळे मीट. आता कुटं लावला?"

"अंगठ्याला."

"आता?"

"शेजारच्या बोटाला."

असं करत करंगळी आली. सगळी उत्तरं बरोबर. अप्पांचा चेहरा उजळला. "हा पाय चांगला हाय बघ," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळून त्यांनी डोळे पुसले.

"झालं न्हवं? मला लय कामं हायती," ती म्हणाली.

एकही निरोप वर गेला नव्हता. महिन्याभरापूर्वी या बोटांतही माझी कडी निघाली. शांतम्माला ते कळलंय, पण पुन्हा सगळा दोष स्वतःवर घेत 'म्या' म्हणताना अप्पांचा चेहरा तिला बघवणार नाही. आणि अप्पा रोज अंगठ्यापासूनच सुरुवात करतात, ते तिला पाठ झालंय.

अप्पा, मला तोंड आहे, पण ते फक्त खाण्यापुरतं. तरी ऐकू गेलं तर ऐका. उद्या करंगळीपासून सुरू करा.