अर्थिंगच्या खड्ड्यावरचे गट्टू

"एवढी एक जागा मोकळी राहू दे वं अनु, तिथं गट्टू नोको टाकू. त्याले पानी लागते," असं आत्याबाई म्हणाल्या होत्या, आणि मी हसून म्हटलं होतं, "आत्याबाई, खड्ड्याला पाणी पाजायचे दिवस गेले आता."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सोजराबाई. आणि खड्डा म्हणजे अर्थिंगचा. वडनेर भोलजीच्या आमच्या घराच्या अंगणात, न्हाणीच्या भिंतीला लागून होता. आत कोळसा, मीठ आणि तांब्याची पट्टी पुरलेली, वर फुटक्या रांजणाचा काठ ठेवलेला. घरात लाइट आली तेव्हा वायरमन सांगून गेला होता की उन्हाळ्यात इथली माती सुकू देऊ नका. आत्याबाईंनी ते जे धरलं ते धरलंच. होळी झाली की तांदूळ धुतलेलं पाणी, धुण्याचं शेवटचं पाणी, पाहुण्यांनी हात धुतलेलं पाणी, सगळं त्या खड्ड्यात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, यांनी काहीतरी झाड लावलंय आणि ते काही केल्या उगवत नाहीये.

आमची काजल रांगायला लागली त्या हिवाळ्यात आम्ही घर नवं करायला काढलं. शेखर, माझा नवरा, मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. त्याला सुट्टी नाही, म्हणून सगळं माझ्यावर. मामाजी, म्हणजे माझे सासरे उकंडराव, म्हणाले, "तुह्या मनासारखं कर. आमी आता पाहुणे."

मी मुळातच घाबरट. मूल झाल्यावर तर जास्तच. काजलच्या हाताच्या उंचीवरचे सगळे सॉकेट मी वर घ्यायला लावले, उरले त्यांना झाकणं बसवली. ओट्याचे कोपरे गोल करून घेतले. ओसरीच्या पायऱ्यांना छोटं फाटक केलं. भिंतींना साईच्या रंगाचा हात दिला, पडद्यांची कापडं मलकापूरला जाऊन उजेडात धरून पाहिली. आणि अंगणात गट्टू, कारण अंगण मातीचं, आणि आदल्या पावसाळ्यात न्हाणीजवळ विंचू निघाला होता. गट्टू म्हणजे ते सिमेंटचे लाल-राखाडी ठोकळे, आता गावोगाव दारात बसवतात तेच.

गट्टू बसवणारे न्हाणीपर्यंत आले तेव्हा आत्याबाई हातात परात घेऊन त्या खड्ड्यापाशी उभ्याच राहिल्या.

"बरं, मोकळी नोको ठेवू. एक गट्टू काढता येईन असा तर ठेव."

"मग त्याच फटीतून विंचू येईल ना, आत्याबाई. पोरगी रांगते इथं."

मामाजी बाजेवर बसून सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "सोजरे, तू त्या खड्ड्याले जेवढं पानी पाजलं तेवढं मले नाई पाजलं कधी."

"तुमी सुकले नाई ना अजून."

गट्टूवालेसुद्धा हसले. मामाजी त्यांना म्हणाले, "झाका रे, झाका. सूनबाईले पसंत नाई तो खड्डा."

"झाका. मले काय. म्या सांगतलं," असं म्हणून आत्याबाईंनी परातीतलं पाणी तिथंच ओतलं आणि आत गेल्या. त्यावर रेती पडली, रेतीवर गट्टू बसले.

घर छान झालं. गावातल्या बाया पाहायला यायच्या. कुणी रंगाचं नाव विचारायची, कुणी पडदे हाताने चाचपायची. आत्याबाई प्रत्येकीला फिरवून दाखवायच्या. "अनुनं केलं सगळं. सगळ्यायले पुरून उरली," असं माझ्यादेखत म्हणायच्या. मी घरात नसले की म्हणायच्या, "घर चांगलं झालं, आता चुलीपाशी बसाले भेव वाटते, भिंतीले हात लागते म्हून." तेही माझ्या कानावर यायचं आणि मला हसू यायचं.

मग उन्हाळा लागला. आमच्याकडचा उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. आमचा कूलर लोखंडी, खिडकीत बसवलेला, शेखरच्या लग्नाआधीपासूनचा. त्याला मी भिंतीला शोभेल असा रंग मारून घेतला होता, आत नवा वाळा भरला होता. एप्रिलच्या सुरुवातीलाच त्याने पहिल्यांदा मामाजींच्या बोटाला चिमटा घेतला.

"अनु, चावते वं हे!"

"मामाजी, पिन काढून हात लावायचा."

"त्याले रंग पसंत नाई वाटते. माह्यावर काऊन राग काढून राह्यलं?"

कूलर चावतो ही आमच्याकडे थट्टेची गोष्ट आहे. ज्याच्या-त्याच्या घरी चावतो. त्यावर उपायही ठरलेला: कूलरपाशी एक रबरी चप्पल ठेवायची. ज्या घरात उंबऱ्याच्या आत चप्पल चालत नाही, त्या घरातही ही एक धुतलेली जोडी चालते. पाणी भरायला गेलं की पायात सरकवायची, भरून झालं की तिथंच काढायची. मीही नवी जोडी आणून ठेवली. काजल तिकडे जाऊ नये म्हणून मध्ये दोन खुर्च्या आडव्या लावल्या. शेखरला म्हटलं, वायरमनला बोलाव. तो म्हणाला, "आता कूलरचा सिझन आहे, तो कोणाला सापडते? आखाजी होऊ दे, आणतो." मला ते पटलं. चप्पल होतीच.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या भागात पितरांची घागर भरतात. मातीच्या नव्या घागरीत पाणी, वर खरबूज, आंब्याचा रस, पुरणपोळी, कुरडया, आणि पितर म्हणून कोणाला तरी जेवायला बसवतात. आमच्याकडे शेजारचे भागवतकाका बसायचे. ते मामाजींचे लहानपणापासूनचे सोबती. आत्याबाई सकाळीच न्हाल्या होत्या. नैवेद्य होईपर्यंत त्या पायात काही घालायच्या नाहीत, कोणाला शिवायच्या नाहीत. काजल त्यांच्या लुगड्याला धरायला धावायची आणि त्या "दूर, दूर, माय माही" म्हणत लांब पळायच्या. काजलला तो खेळ वाटत होता.

भागवतकाका पाटावर बसले. ऊन इतकं की छपराच्या पत्र्याचा आवाज येत होता. काका शर्टाच्या बाहीने कपाळ पुसत म्हणाले, "वहिनी, पितराले घाम येऊन राह्यला. वरून तक्रार करतीन माह्यी."

"कूलर तर चालू हाय," मामाजी म्हणाले.

"नुसती गरम हवा मारून राह्यलं. पानी सरलं असन त्याचं."

मी स्वयंपाकघरात रस वाट्यांत ओतत होते. शेखर बाहेर हात धूत होता. आत्याबाई म्हणाल्या, "थांबा, मी टाकतो पानी." त्यांच्या हातात हंड्यासारखी छोटी पितळी गुंडी होती, नुकतीच घागर भरून उरलेलं पाणी तीत होतं. चप्पल कूलरपाशीच होती. पण नैवेद्य झाला नव्हता. त्या चपलेला पाय लावणार नव्हत्या. ओले पाय, खाली नवी फरशी, आणि हातात गुंडी.

मला गुंडी पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, काजलने काहीतरी पाडलं. मी आधी काजलकडे पाहिलं. ती खुर्चीमागे उभी होती, हसत होती. तिला वाटलं, आजी पुन्हा खेळते आहे.

भागवतकाकांनी बसायच्या लाकडी पाटाने आत्याबाईंचा चिकटलेला हात कूलरपासून सोडवला. शेखरने पिन ओढली. गाडी काढली, मलकापूरला नेलं. रस्त्यात मामाजी त्यांचे तळपाय चोळत होते आणि म्हणत होते, "पाय गार हाय नुसते, पान्यात होते म्हून." दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि ते शेखरला बाजूला घेऊन गेले. मामाजी बाकावर बसले, आणि आत्याबाईंच्या लुगड्याचा ओला पदर पिळत राहिले.

आत्याबाईंचे दिवस झाल्यावर वायरमन आला. त्याने यंत्र लावून पाहिलं आणि गट्टू उचलायला लावले. खालची माती भुकटी झाली होती. कूलरच्या मोटारीतून करंट पत्र्यात उतरत होता, त्याला जमिनीत जायला ओली वाट नव्हती, म्हणून तो पत्र्यातच बसून होता. मेन स्विचपाशी करंटची गळती ओळखून लाइट तोडणारा ट्रिप बसवलेला असता तरी त्याच क्षणी बटण पडलं असतं आणि सगळ्यांनी "लाइट गेली" म्हणून शिव्या दिल्या असत्या. तो ट्रिप आमच्याकडे नव्हता. सॉकेटच्या झाकणांचे चार रंग मी पाहिले होते, पण ट्रिपचं नावही मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

आता कोणी घर बांधायला किंवा नवं करायला काढलं की मला विचारतं, कारण आमचं घर सगळ्यांनी पाहिलं आहे. मी रंगाचं काही सांगत नाही. मी म्हणते, आधी वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या. खड्डा कुठे आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. त्यावर काही बसवायचंच असेल तर उघडता येईल असं झाकण ठेवा. ट्रिप बसवा आणि महिन्यातून एकदा त्याचं बटण दाबून पाहा. लोखंडी कूलर चिमटा घ्यायला लागला की त्याच घडीला बंद करा. चपलेवर विसंबू नका. बाया मान हलवतात, आणि मग विचारतात, "पण तो पडद्याचा रंग कोणता होता?"

आम्ही नवा खड्डा केला, ट्रिप लावला, प्लास्टिकचा कूलर आणला. त्या लोखंडी कूलरचं काय झालं मी विचारलं नाही. पण मला त्या घरात काजलला खाली सोडवेना. तिने फ्रीजच्या दाराला हात लावला तरी मी ओरडायची. ती दचकायला लागली. शेवटी शेखरने मलकापूरला खोली घेतली. मामाजींना चला म्हटलं.

"मी तिथं काय करू?"

"काजलला खेळवा. तुमच्याशिवाय राहत नाही ती."

"राह्यते. लेकरं राह्यतात."

"मामाजी, तुमची काही चूक नाही. मीच म्हटलं होतं गट्टूचं."

"तू म्हटलं. पन त्या मानसायले 'झाका' कोन म्हटलं?"

शेखरने खूप सांगितलं, चिडूनही पाहिलं. "बाबा, लोक आम्हाले नावं ठेवतीन." ते म्हणाले, "ठेवू दे. घराले आता तेवढंच लेवाले राह्यलं."

आम्ही मलकापूरला आल्यावर मामाजींनी पहार घेतली आणि अंगणातले सगळे गट्टू एकट्याने उपटले. कुंपणाला रचून ठेवले. आणि मेन स्विच पाडला. तो त्यांनी परत वर केलेला नाही. शेखर रविवारी जातो, वर करतो, पंखा लावतो, नवा कूलर लावतो, त्यांच्यासमोर हात लावून दाखवतो की काही होत नाही. ते मान हलवतात. शेखरची गाडी वळली की स्विच खाली.

मागचा उन्हाळा कसाबसा गेला, कारण भागवतकाका होते. दुपारी ते मामाजींना हाताला धरून आपल्या घरी न्यायचे, त्यांचा मोबाइल चार्ज करून द्यायचे, मला फोन लावून म्हणायचे, "जेवला तुह्या सासरा. घोरून राह्यला." यंदा काका मुलाकडे पुण्याला गेलेत, डोळ्यांच्या ऑपरेशनला. मामाजींचा मोबाइल सोमवार-मंगळवारी उतरतो आणि मग बंदच लागतो. दुसऱ्या शेजाऱ्यांना सांगितलं तर ते म्हणतात, गेलो होतो, बरे आहेत, बसले आहेत. बसलेले तर असतातच. बंद घरात, खिडक्या लावून, डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन. मागच्या रविवारी शेखर गेला तेव्हा दुपट्टा वाळलेला होता आणि ते त्याच्याशी आत्याबाईंशी बोलावं तसं बोलत होते. पाणी पाजल्यावर ओळखलं. दवाखान्यात चला म्हटलं तर बाजेचा पाय धरून बसले. मी उद्या काजलला घेऊन जाणार आहे, त्यांना घेतल्याशिवाय येणार नाही असं ठरवून. पण ते ऐकतील असं मला वाटत नाही, आणि आजची दुपार मध्ये आहे.

तुम्ही नांदुऱ्याहून मलकापूरकडे किंवा मलकापूरहून नांदुऱ्याकडे जात असाल, तर वडनेरला गाडी थोडी आत घ्या. उकंडरावांचं घर विचारा. अंगण उखणलेलं आहे, कुंपणाला गट्टू रचलेले आहेत, चुकणार नाही. सूनबाईने पाठवलं असं म्हणू नका, ते "बरा हाय" म्हणून दार लावतील. पाणी मागा. दारी आलेल्याला ते पाणी नाही म्हणत नाहीत. ते आत गेले की मागोमाग आत जा, आणि त्यांनाही तुमच्यासमोर प्यायला लावा. धड बोलतात का, ते पाहा. आणि हाक मारून ओ आली नाही, तर थांबू नका. दार नुसतं लोटलेलं असतं.