खोड आधी सांगायची

आल्बिनाबायचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये केळीची एकच रांग आहे. त्यामुळे तिच्याकडे काय चाललंय ते मला मुद्दाम ऐकावं लागत नाही. न ऐकायचं ठरवलं तर मात्र कष्ट पडतात.

तिचा भाऊ फेबियन मालाडला राहतो, बँकेत आहे. तो वाईट माणूस नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते लक्षात राहणं कठीण आहे. त्याला फ्लॅट घ्यायचा होता, त्यासाठी वसईतली सांडोरची वाडी आणि घर विकायचं होतं. सातबाऱ्यावर बहीण-भाऊ दोघांची नावं. बायने लग्न केलं नाही. आईबापांचं शेवटपर्यंत केलं, केळी लावल्या, केळी वाळवून केलेली सुकेळी विकली आणि त्याच घरात साठी ओलांडली. घर गेलं तर तिने जायचं कुठे, हे मी फेबियनला केळीच्या रांगेतूनच विचारलं होतं.

"बघू," तो म्हणाला.

हा त्याचा आवडता शब्द. त्याची बायको बेटीही तोच शब्द वापरायची, फक्त ती म्हणताना दुसरीकडे बघायची.

बायने भांडण केलं नाही. रडलीही नाही. मला तिचा रागच आला. ती एवढंच म्हणाली, "सही करीन. पण दलाल मी निवडीन." फेबियनला हायसं वाटलं. बायका असल्या बारीकसारीक गोष्टींत मन रमवतात, असा त्याचा समज असावा.

हे पंच्याऐंशी सालचं. तेव्हा वसईत ज्याला दुसरं काही जमत नव्हतं तो दलाल होत होता. पानवाला दलाल, मुलांना पेटी शिकवणारा दलाल. कोणाच्या वाडीत कोणी नुसता उभा राहिला तरी जागा विकायला काढली अशी बातमी पापडीपर्यंत जायची.

पहिला आला बर्नार्ड. आमच्याच चर्चमध्ये गातो, आवाज चांगला आहे आणि ते त्याला माहीत आहे. बायने त्याला ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "या घरात वाईट काय आहे?"

"वाईट?" बर्नार्ड म्हणाला. "बाय, फर्स्ट क्लास घर. वाईट शोधून सापडायचं नाही."

तेवढ्यात छपरावरचं एक कौल घसरलं आणि ओसरीसमोर पडून फुटलं. बर्नार्डने तुकडे पायाने बाजूला सारले आणि हवा किती छान आहे ते सांगायला लागला.

दुसरा पापडीचा बॅप्टिस्ट. स्कूटरवरून आला, गॉगल काढला नाही. त्यालाही तोच प्रश्न.

"वाईट असलं काय आणि चांगलं असलं काय," तो म्हणाला, "घर तर पाडायचंच आहे ना?"

बायने वळून भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाली, "चहा घे." त्याचा चहा पिऊन झालेला होता.

तिसरा नथू. हा खाडीकडच्या गावातला, उभा जन्म बैलांची दलाली केलेला. विहिरींवर पंप आले, रहाट गेले, रहाटांबरोबर बैल गेले आणि नथूचा धंदा बसला. मग सगळे करतात म्हणून तोही जमिनीकडे वळला. अजून एकही जागा त्याने विकली नव्हती. हे त्याने आल्या आल्या सांगून टाकलं, आणि चालत आलोय तर आधी पाणी द्या, असंही.

बायने प्रश्न विचारला. नथू बसला नाही. त्याने घराभोवती फेरी मारली, भिंतीला हाताने दाबून पाहिलं, वाशांखाली मान वाकडी करून उभा राहिला. मागच्या बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, उतरला, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, खळखळवलं आणि थुंकला. बैलाचे दात बघायचेच तेवढे राहिले होते.

मग ओसरीवर येऊन सुरू झाला. "बावखलाचा पानी मेमध्ये मचूळ व्हते. मागची भिंत फुगलीय. वाशांना वाळवी हाय. पावसात रस्त्यावर गुडघाभर पानी, सायकल खांद्यावर घ्यावी लागल. कोपऱ्यातल्या माडाला तीन वर्सं नारळ नाय."

"चार," बाय म्हणाली.

"बैल विकताना खोड आधी सांगायची," नथू म्हणाला. "मागून समजली तं गिऱ्हाईक आपल्या दारात येतो, बैल घेऊन."

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. बैल द्यायचा, पण दावं द्यायचं नाही. जुनं दावं मालकाने सोडून घरात ठेवायचं, नाहीतर गोठ्याची बरकत बैलामागून निघून जाते. बाय हे लक्ष देऊन ऐकत होती. तेवढ्यात माझं दूध उतू गेलं आणि मला आत धावावं लागलं. दुधाने केला तेवढा घात आयुष्यात माझा दुसऱ्या कोणी केलेला नाही, कारण नेमकं पुढचं बोलणं माझं चुकलं. बाहेर आले तर बाय नथूला सांगत होती, "तूच विक."

मी मनात म्हटलं, बाय, मानलं तुला. असल्या माणसाच्या हातून हे घर शंभर वर्षं विकलं जायचं नाही. मी त्या आनंदात शेवयांची खीर केली.

आणि तसंच व्हायला लागलं. गिऱ्हाइकं यायची, नथू त्यांना वाडीभर फिरवायचा आणि गिऱ्हाइकं परत जायची. जाताना काही जण माझ्याकडे अशा नजरेने बघायचे की जणू मीच त्या माडाला नारळ धरू देत नव्हते. गणपतीच्या आधी येणारे नाताळपर्यंत यायचे बंद झाले.

फेबियनला संशय आला. तो हिशेबी माणूस. त्याने बँकेतल्या एका दोस्ताला गिऱ्हाईक बनवून पाठवायचं ठरवलं, आणि स्वतः कुठे लपायचं, तर माझ्या स्वयंपाकघरात.

"क्लेमेंटीन, तुमच्या खिडकीतून सगळं ऐकू येतं ना?"

"मला कधी येत नाही," मी म्हटलं. "तुम्ही बघा प्रयत्न करून."

रविवारी चर्चमधली मिसा झाल्यावर तो माझ्या खिडकीखाली स्टुलावर येऊन बसला. मी त्याला चहा दिला. पलीकडे ओसरीवर दोस्त, नथू आणि सुकेळी बांधायची पानं सारखी करत बसलेली बाय.

नथूने पाण्यापासून सुरुवात केली. भिंत झाली, वाळवी झाली, माडाला आता पाच वर्षं झाली होती. फेबियन दातओठ खात मला म्हणाला, "बघितलंत? असा दलाल!"

"एवढंच का?" दोस्ताने विचारलं.

"नाय," नथू म्हणाला. "मोठी खोड ऱ्हायली. मालक."

फेबियनचा कप बशीवर वाजला.

"मालकाला काय झालं?"

"या बायची सगळी उमर या घरात गेली. पहिल्या दिवशी मी तिला इचारला, बाय, घर गेल्यावर तू कुठं जानार? ती म्हनली, मला म्हाईत नाय. भावाला इचारला, तर भाऊ बघू म्हनतो. मी बैल विकले साहेब, पन आपला जनावर कोनाच्या गोठ्यात जानार ते इचारल्याशिवाय कोनी दावं सोडला नाय. हा मालक बहिनीचा इचारत नाय. असल्या मालकाकडनं घ्यायचा का नाय, तुमी ठरवा."

बायने सुकेळीवरून मान वर केली नाही. मला त्या क्षणी नथूच्या पाया पडावंसं वाटलं आणि फेबियनच्या डोक्यावर किटली ओतावीशी वाटली. दोन्ही केलं नाही. फेबियन कपात बघत बसला होता. कपात काही नव्हतं.

मग तो उठला आणि केळीच्या रांगेतून सरळ ओसरीवर गेला. नथूला आश्चर्य वाटलं नाही. खिडकीतून त्याला फेबियनचं डोकं दिसत होतं म्हणे.

"माझंच घर विकायला घेतलंस आणि माझीच बदनामी करतोस?"

"बदनामी नाय. खोड सांगितली."

"आता मी काय करू?"

फेबियनने हा प्रश्न कोणाला तरी विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"बैल द्या," नथू म्हणाला, "दावं ठेवा."

म्हणजे काय, ते त्याने वाडीत चालून दाखवलं. घर, बावखल आणि रस्त्यापर्यंतची पायवाट ठेवायची, बायच्या एकटीच्या नावावर करायची. मागची केळीची वाडी तेवढी विकायची.

मागची वाडी नथूच्याच ओळखीच्या श्रीपतने घेतली. खाडीकाठचा शेतकरी, भरतीचं पाणी शिरून शिरून शेत खलास झालेला. त्यालाही नथूने सगळ्या खोडी सांगितल्या. मचूळ पाण्याचं ऐकून श्रीपत हसला. "आमचा पानी तं बारा महिने खारट," तो म्हणाला. वांझोटा माड त्याला फुकट मिळाला. फेबियनच्या फ्लॅटमधून हॉल गेला. एक खोली आणि किचन उरलं. बेटी अजून मला ते ऐकवते, जसं काही मी तो हॉल घरी नेला.

व्यवहार ठरला त्या संध्याकाळी मी बायला म्हटलं, "मला वाटलं, घर विकू नये म्हणून तू नथूला निवडलंस."

"नाय गं," बाय म्हणाली. "विकावं तर लागणारच होतं. तिघांनी घर बघितलं. मी कुठं जाणार, ते एकाने विचारलं. म्हटलं, जायचंच आहे तर याच्या हातून जावं."

मग मात्र मला रडू आलं. बायने माझ्या हातावर एक सुकेळं ठेवलं आणि उरलेली मोजायला घेतली.

सह्यांच्या दिवशी मीही कचेरीत गेले, साक्षीला. पेन हातात घेऊन बाय थांबली.

"नथू, माझी खोड सांगितलीस का याला?"

"सांगितली ना. म्हनलं, शेजारी बाय हाय. मरेपर्यंत हलनार नाय."

"मंग बरा झाला," श्रीपत म्हणाला. "शेजार पायजेच."

बायने सही केली, सावकाश, पूर्ण नाव. बाहेर आल्यावर फेबियन तिच्या मागे मागे चालत होता. पायरीपाशी त्याने विचारलं, "बाय, पुढच्या रविवारी आम्ही सगळे जेवायला येऊ?"

"बघू," बाय म्हणाली, आणि हातातली पिशवी त्याच्याकडे धरायला दिली.