पापशोधक काठ्या आणि चिमूटभर मीठ

नगरपालिकेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं खिडक्यांत चढून बसली होती. टेबलावर पाण्याचे दोन ग्लास. एक आमच्या नळाचा, दुसरा जलसिद्ध बाबांच्या मंतरलेल्या पाण्याचा.

"नळातून तुम्ही पाणी नाही, पाप पिता!" बाबा गरजले. पेटीला जोडलेल्या दोन पापशोधक काठ्या त्यांनी नळाच्या पाण्यात बुडवल्या. पेटीची वायर भिंतीतल्या प्लगपर्यंत गेली होती. पापाला वीज लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

बघता बघता ग्लासात तपकिरी गाळ चढला.

"अगं बाई!" शेजारणीने माझा दंड धरला.

मग काठ्या पुसून मंतरलेल्या पाण्यात. पाणी नितळच! टाळ्यांचा कडकडाट.

माझं लक्ष मात्र घराकडे गेलं. घरी लेकीचं तान्हं बाळ, त्याच्या दुधाची भुकटी याच नळाच्या पाण्यात कालवायची. आणि सभेला ठरवायचं होतं की रंगाच्या कारखान्यांना सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडायला लावायचं, की बाबांचे मंतरलेले खडे गावाच्या पाण्याच्या टाकीत टाकून मोकळं व्हायचं. पहिला ठराव माझ्या नणंदेचा. त्या पाण्याच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ.

"वन्सं, अहो, काहीतरी बोला!"

"वहिनी, अंड्यांबरोबर मीठ आणलंय ना?"

कामाच्या नादात जेवण विसरतात, म्हणून मी उकडलेली अंडी नेली होती. म्हटलं, भुकेलाही हीच वेळ सापडली! तरी पुडी दिली.

वन्सं टेबलाशी गेल्या. "बाबा, काठ्या तशाच राहू द्या." आणि पुडीतलं होतं नव्हतं ते चिमूटभर मीठ बाबांच्या ग्लासात.

"भ्रष्ट केलंत!" बाबा प्लगकडे झेपावले.

"थांबा हो," नगराध्यक्षबाई म्हणाल्या, "मीठच आहे, पाप नाही."

मंतरलेलं पाणी नळाच्या पाण्याहून गढूळ झालं. बाबांनाच घाम फुटला.

"काठ्या लोखंडाच्या आहेत," वन्सं म्हणाल्या. "पाण्यात थोडे क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. बाबांच्या पाण्यातले क्षार आधीच काढलेले होते, म्हणून वीज वाहिली नाही. घाण पाण्याची नव्हती, काठ्यांची होती."

बाबांना आपल्या गाडीतून आणणारे रंगाचे कारखानदार ताडकन उठले. "म्हणजे नळाचं पाणी उत्तम! मग आमच्यामागे नियमाचं लचांड कशाला?"

"ते उत्तम आहे हे आम्ही रोज तपासतो म्हणून कळतं. पण नळाला पाणी ज्या नदीतून येतं, तिच्यात तुमच्या रंगातली रसायनं वाढताहेत. ती आपल्या गाळणीत पुरती अडकत नाहीत आणि ग्लासात दिसतही नाहीत. आकडे बाहेर भिंतीवर लावलेत. शंका असेल त्याने नदीचा नमुना आणावा, त्याच्यासमोर तपासते. माझ्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मला बाबा व्हायचं नाही."

सभागृह हसलं. मग वन्संच्या ठरावासाठी हात वर झाले. सगळ्यांत पहिला हात त्याच कारखानदारांच्या बायकोचा!

अंडी आम्ही अळणीच खाल्ली.

तेव्हा बायांनो आणि बाबांनो, कुणी तुम्हाला पाण्यातलं पाप दाखवलं, तर हात जोडण्याआधी त्याची वायर कुठे जाते ते बघा. आणि घरातलं चिमूटभर मीठ सोबत ठेवा.