धुतलेले पाय

परदेशी पाहुण्या पाय धुणार म्हणून आदल्या दिवशी मी सगळ्या मुलींना न्हाणीघरात रांगेत बसवलं आणि त्यांचे पाय घासून काढले. साबण लावून, दगडाने, टाचा लाल होईपर्यंत. उद्या त्या बायका गुडघ्यांवर बसून आमच्या मुलींचे पाय हातात घेणार आणि त्यांच्या हाताला मळ लागणार? माझं नाकच कापलं गेलं असतं.

धाकटी वेरोना म्हणाली, "तासोनी, आजच धुतले तर उद्या त्या काय धुणार?"

"स्वतःचे हात धुतील. तू टाच वर कर."

चर्चच्या कामाला वाहून घेतलेल्या बाईला इजिप्तमधल्या आमच्या मिन्यात तासोनी म्हणतात, जशी ताई. मी तासोनी ओदेत. लग्न केलं नाही आणि तरी तीसेक पोरींच्या वेण्या घालून बोटं वाकडी झाली.

दर ऑगस्टात अमेरिकेतल्या एका चर्चची मंडळी आठवडाभर आमच्या अनाथाश्रमात येतात. भली माणसं. नाकं उन्हात भाजून घेतात आणि अंगणातली भिंत रंगवतात. गेल्या साली निळी केली, त्याआधी पिवळी होती. भिंतीला काही झालेलं नसतं, पण एवढ्या लांबून आलेल्या हातांना काम नको का? येताना चॉकलेटं आणतात, तीही नेमकी मरियमच्या उपासात, जेव्हा आम्हाला दूध-लोणी चालत नाही. मुली हसून घेतात आणि सणापर्यंत उशीखाली जपून ठेवतात. मिन्याच्या ऑगस्टात! अभ्रे कोण धुतं ते विचारू नका.

मला डाचायची ती एकच गोष्ट. आमच्या बहुतेक मुलींना घरचं कुणी ना कुणी आहे. कुणाचा बाप दगडाच्या खाणीत मेला, कुणाच्या आईला दुसऱ्या नवऱ्याने मुलीसकट घ्यायला नकार दिला. या आया दर शुक्रवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की फाटकाशी येतात आणि तासभर मुलीला मांडीवर घेऊन बसतात. पाहुण्यांना मात्र वाटतं की या मुलींना जगात कुणीच नाही. म्हणून तो आठवडा आयांना बंदी. हा नियम आमच्या अबूना बिसंतींचा, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचा. माणूस वाईट नाही. नवं स्वयंपाकघर पाहुण्यांनीच बांधून दिलं, ते यायचे बंद झाले तर मुलींच्या ताटात काय वाढायचं या धाकाने बिचारा अर्धा झालाय.

गुरुवारी दुपारी दिम्यानाची आई, सनिय्या, मागच्या दाराशी आली. नवरा खाणीत गेल्यापासून ती एका डॉक्टरांच्या घरी राबते.

"तासोनी, शनिवारी माझं विमान आहे. डॉक्टर कुवेतला चाललेत, त्यांच्या म्हातारीला सांभाळायला मला नेतायत. दोन वर्षं."

"दिम्यानाला माहीत आहे?"

"कुठलं! उद्या मांडीवर घेऊन सांगणार होते. आणि फाटकावर म्हणतात, या शुक्रवारी यायचं नाही."

मी तडक अबूनांकडे गेले. ते हातातला क्रूस फिरवत म्हणाले, "पाहुणे रविवारी जातायत. मग सावकाश येऊ दे तिला."

"ती शनिवारी जातेय, अबूना."

"मग फोनवर बोलणं करून दे."

"नऊ वर्षांच्या पोरीला फोनवर मांडीवर कसं बसवतात ते तुम्हीच दाखवा मला."

"ओदेत, मी त्यांना खोटं सांगितलेलं नाही. फक्त सगळं सांगितलं नाही. तू आता माझी परीक्षा पाहू नकोस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परत येऊन सनिय्याला म्हटलं, "उद्या ये. डोक्याला रुमाल बांध आणि स्वयंपाकघरात कांदे चिरत बस. कुणी विचारलंच तर तू जादा मदतीला आलीस. कार्यक्रम संपला की कोठीत तुमची गाठ घालून देते. पण तोवर दिम्यानासमोर यायचं नाही. तिने पाहिलं तर घर डोक्यावर घेईल."

"देव तुझं भलं करो, तासोनी."

"भलं राहू दे. वेळेवर ये."

दिम्याना त्या आठवड्यात पाहुण्यांपैकी लॉर्नाबाईंची सावली झाली होती. लॉर्ना तिकडे शाळेची बस चालवायची, आता निवृत्त. हसली की खिडक्या वाजायच्या. रोज सकाळी ती दिम्यानाचे केस विंचरायची आणि तिच्या कानाशी काहीबाही बोलायची. एकदा अबूनांना म्हणाली, "या लेकराला जवळ घेणारं कुणीच नाही," आणि तिचे डोळे भरून आले. अबूनांनी तेवढ्यात पंख्याकडे पाहिलं.

शुक्रवारी मोठ्या खोलीत खुर्च्या मांडल्या, घमेली ठेवली. आमच्याकडे पाय धुतात ते ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, अबूना धुतात, आणि तेही पुरुषांचे. त्यामुळे मुली लाजून झगे घोट्यांपर्यंत ओढत होत्या, एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. पाहुण्या गुडघ्यांवर बसून प्रत्येकीचे पाय धूत, पुसत आणि नवे पांढरे बूट घालत होत्या. पाणी शेवटपर्यंत पिण्याजोगं स्वच्छ राहिलं. मी मनात म्हटलं, ठेवा आता कुणी नावं.

सगळं सुरळीत झालं असतं. पण लॉर्नाला काय वाटलं कोण जाणे, ती उठून थेट स्वयंपाकघरात आली. या बायका मुलींसाठी राबतात, यांचेही पाय धुवायचे! खुणा करत तिने एकेकीला हाताला धरून बाहेर काढलं. सनिय्यालाही.

मी आडवी गेले. माझं इंग्रजी म्हणजे आनंदच. "शी नो! शी ओनियन!"

लॉर्ना खळखळून हसली आणि सनिय्याला खुर्चीत बसवून मोकळी झाली.

सनिय्याने रुमाल कपाळावर ओढला, मान खाली घातली. तिच्या चपला लॉर्नाने काढल्या. भेगाळलेल्या टाचा, बोटांत गावापासूनची धूळ. माझ्या घासणीतून सुटलेले त्या खोलीतले तेवढेच दोन पाय. लॉर्नाचा चेहरा उजळला, आठवड्यात पहिल्यांदाच तिला धुण्याजोगं काही मिळालं होतं.

समोर दिम्याना नव्या बुटांकडे बघत बसली होती. तिने सहज मान वर केली. चेहरा रुमालात होता, पण पोरगी पायांकडेच बघत राहिली. मग उठली, मुलींच्या मधून वाट काढत आली आणि लॉर्नाच्या हातातून तो पाय ओढून घेतला.

"सोड! माझ्या मम्माचे पाय आहेत. मी धुणार."

मम्मा हा शब्द कुठल्याच देशात समजावून सांगावा लागत नाही. लॉर्नाने अबूनांकडे पाहिलं. अबूनांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. म्हटलं, आता पंख्याकडे बघून दाखवा.

ते पुढे आले. इंग्रजीत, पण इतकं हळू बोलले की मलाही सगळं कळलं. "ही तिची आई. उद्या परदेशी जातेय, दोन वर्षांसाठी. मीच तिला येऊ नको म्हटलं होतं. बहुतेक मुलींना आया आहेत. तुमच्यासाठी आम्ही त्यांना बाहेर ठेवतो."

लॉर्नाचा चेहरा लालबुंद झाला. "सहा दिवस मी या पोरीला सांगतेय की तुला देवाशिवाय कुणी नाही," ती म्हणाली. "आणि तुम्ही मला सांगू दिलंत?"

अबूनांनी मान खाली घातली. मला त्यांची दया आली आणि तिचीही आली.

इकडे दिम्यानाचं आमच्यापैकी कुणाकडे लक्ष नव्हतं. परदेशी जाण्याचं तिने ऐकलं होतं का? इंग्रजी तिला येत नव्हतं, पण सनिय्या आता वाकून तिच्या कानात तेच सांगत होती. शनिवार. कुवेत. दोन ईस्टर. पोरीने रडायला हवं होतं, ती रडली नाही. आणखी खाली वाकली आणि बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवू लागली.

"केस रोज विंचर. तासोनीला उलट बोलू नकोस. फोन आला की पळत ये, हं?"

टाच झाली, मग पुन्हा अंगठा, पुन्हा टाच.

"झाले गं राणी, स्वच्छ झाले."

"नाही झाले."

"माझी गाडी जाईल, दिम्याना."

"अजून मळ आहे. इथे बघ."

मळ कसला, पाय केव्हाच लख्ख झाले होते. घमेल्यातलं पाणी तेवढं काळं पडलं होतं. पुसून झालं की आई उठणार, हे पोरीला कळलं होतं. पुरे आता, असं म्हणणं माझं काम होतं. मुलींना पुरे म्हणायलाच मला ठेवलंय. माझी जीभ उचलेना.

तेवढ्यात लॉर्ना वाकली आणि तिने घमेलं उचललं. दिम्यानाने आईचे ओले पाय दोन्ही हातांनी छातीशी धरले. लॉर्ना अंगणात गेली. पाणी ओतल्याचा आवाज आला, मग नळ सोडल्याचा.

ती परत आली ती काठोकाठ भरलेलं घमेलं घेऊन, आणि तिने ते पोरीसमोर ठेवलं.