टाचणीचं पत्र

नऊ वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला त्यानं उत्तर दिलं नव्हतं. विसरला असता तर बरं झालं असतं. पण विसरण्याच्या बाबतीत तो जन्माचा नालायक. पत्र कोणत्या शब्दकोशात, कोणत्या पानाशी ठेवलंय हे त्याला पाठ होतं, आणि म्हणूनच नऊ वर्षं तो कोश त्यानं उघडला नव्हता. वाचताना एखादा शब्द अडला तर अंदाजानं पुढे जायचा. जन्मभर मुद्रितशोधक म्हणून काम केलेल्या माणसानं अंदाजानं पुढे जायचं म्हणजे काय, ते त्याचं त्याला ठाऊक.

छापखान्यात त्याला सगळे स्वल्पविराम म्हणायचे. कुणी काही विचारलं की हा आधी थांबायचा. उत्तर ओठांवर येईपर्यंत विचारणारा चहा पिऊन जागेवर परतलेला असायचा. बायकोचं बरोबर उलट. ती पुढच्या खोलीत शाळेचे गणवेश शिवायची आणि मशीनच्या आवाजावर आवाज काढून रस्त्यानं जाणाऱ्याचीही विचारपूस करायची. परीक्षा कशी गेली, सासूचा गुडघा कसा आहे, सगळ्या गल्लीची खबर तिच्या सुईतून जायची.

परदेशी पाहुणे घरी उतरवून घ्यायची कल्पना मात्र त्याची. गावात एक मंडळ होतं. देशोदेशीची माणसं हॉटेलात न राहता घराघरात राहिली तर मैत्री वाढते, असं त्यांचं म्हणणं. त्याला मैत्रीचं एवढं नव्हतं. तीस वर्षं तो एक परकी भाषा पुस्तकांतून शिकत आला होता आणि ती जिवंत माणसाच्या तोंडून त्यानं कधी ऐकली नव्हती. त्यानं अर्ज भरून टाकला आणि मग बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आधी लग्न ठरवा, मग नवरीला विचारा." पण दुसऱ्याच दिवशी तिनं मागची खोली रिकामी केली, खिडकीला नवे पडदे शिवले आणि उशी स्वतः डोक्याखाली घेऊन पाहिली.

पाहुणी अकरा दिवसांसाठी आली. तिकडे ती एका नाटकगृहात नटनट्यांचे कपडे शिवायची. उंच, काटकुळी, डोकं लहान, आणि काम करताना ओठांत सदा टाचण्या धरलेल्या. बायकोनं पहिल्याच संध्याकाळी तिचं नाव टाचणी ठेवलं. त्यानं पंधरा दिवस घोकून तयार केलेलं स्वागताचं वाक्य म्हणून दाखवलं. टाचणीनं मान कलती करून ते ऐकलं आणि मनापासून सांगितलं, की इतकी सुंदर भाषा तिनं आजी गेल्यापासून ऐकली नव्हती. अगदी जुन्या पुस्तकातल्यासारखी. कौतुकच होतं ते. तो हसला, आणि ते कुसळासारखं आत जाऊन बसलं.

दोघी बायकांना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, तरी तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याचा जुना कोट उसवून टेबलावर पसरला होता. एकीनं खांद्याच्या शिवणीवर बोट ठेवायचं, दुसरीनं नाक मुरडायचं, मग दोघींनी हसायचं. तो दुभाषा म्हणून मध्ये खुर्ची टाकून बसला होता. चौथ्या दिवशी त्याची खुर्ची कापड ठेवायला लागली. तो दारात उभा राहायचा, तोंडात भाषांतर तयार, आणि कुणाला नको असलेलं. बायकोनं कोट नव्यानं शिवला तेव्हा टाचणीनं त्याचं चित्र काढून दिलं आणि फोटोही घेतला. निघताना टाचणी बायकोच्या गळ्यात पडून रडली. त्याच्याशी तिनं हात मिळवला.

चार महिन्यांनी पत्र आलं. पाकिटावर नाव बायकोचं. वाचणार अर्थातच तो. आधी स्वतः वाचायचं आणि मग तिला सांगायचं, अशी त्याची पद्धत. पहिलं पान खुशालीचं होतं. दुसऱ्या पानावर एक परिच्छेद होता. नाटकगृहाला एका हंगामासाठी, म्हणजे आठ महिन्यांसाठी, चांगला हात हवा आहे. मी तुझं नाव सांगितलं, त्या कोटाचा फोटो दाखवला, त्यांनी मान्य केलं. कागदपत्रं, प्रवास, राहणं, सगळं ते बघतील. खिडकीपाशी तीन मशीन आहेत, मधलं रिकामं आहे. महिनाअखेरपर्यंत फक्त हो कळव. आणि शेवटी: तुझ्या नवऱ्याला सांग, घाबरू नका, आठ महिन्यांनी आम्ही तिला परत पाठवू.

या शेवटच्या ओळीचा आपल्याला राग आला, असं त्यानं स्वतःला पटवलं. राग आला असता तर तो बोलला तरी असता. आठ महिने मशीनच्या आवाजाशिवाय या घरात कसं बसायचं, हे त्याला कळेना. आणि ती तिकडे जाऊन चार आठवड्यांत बाजारहाटाची भाषा बोलायला लागेल, जिवंत, चुकांनी भरलेली, हेही त्याला दिसत होतं.

त्यानं कानामागची पेन्सिल काढली आणि परिच्छेदाच्या बाजूला समासात खूण केली. मोठ्यानं वाचताना नजर चुकून तिकडे जाऊ नये, एवढ्याचसाठी. हाताची सवय. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यानं पत्र न अडखळता वाचून दाखवलं. बायको म्हणाली, लिहा तिला, आम्ही मजेत आहोत, परत ये, कोट अजून अंगाला बसतो.

तो लिहायला बसला. पण त्या पत्राला उत्तर म्हणजे हो नाहीतर नाही. तिच्या नावानं खोटा नकार लिहायला हात धजेना. चूक कागदावर उतरू द्यायची नाही, यावरच त्यानं जन्मभर पोट भरलं होतं. चूक दडवायला मात्र हातानं काही हरकत घेतली नाही. पत्र कोशात गेलं. उत्तर टाकलं का, असं तिनं विचारलं तेव्हा तो थोडा थांबला. तो नेहमीच थांबायचा, म्हणून तिला काही वाटलं नाही. तो हो म्हणाला.

पुढे वर्षभर पोस्टमन दिसला की तिचं मशीन थांबायचं. मग थांबेनासं झालं. ती म्हणाली, तोंडावर रडायचं आणि पाठ फिरली की विसरायचं, यालाच मैत्री म्हणत असतील तिकडे. पुढच्या पाहुण्यांचा अर्ज आला तो तिनं टेबलाचा डुगडुगणारा पाय टेकवायला वापरला. कानाला खडा, म्हणाली. मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्या आणि उरलेलं कापड जाऊन पडलं. तो सगळं ऐकत मूग गिळून बसला.

परवा तो वाचनालयात गेला असताना मंडळाच्या सेक्रेटरीबाई घरी येऊन गेल्या. मंडळाला पंचवीस वर्षं झाली, प्रदर्शन करायचंय, पाहुण्यांच्या हातचं काही असेल तर द्या, म्हणाल्या. बायको त्याचं कपाट धुंडाळायला लागली. टाचणीनं काढलेलं कोटाचं चित्र कुठल्या तरी जाड पुस्तकात असेल, असं तिला वाटलं. सगळ्यांत जाड पुस्तक तो कोश.

तो परत आला तेव्हा मशीन बंद होतं. ती कापायच्या टेबलाशी बसली होती, समोर पत्र, आणि त्याच्या दुसऱ्या पानावर तिनं कापडाला ठेवतात तशी कात्री ठेवली होती, उडू नये म्हणून.

"मला यातलं अक्षर कळत नाही," ती म्हणाली. "पण ही खूण कळते."

त्यानं पाहिलं. समासातला तो वेढा, त्याची खाली ओढलेली शेपटी. तीस वर्षं तो छापखान्यातली प्रुफं घरी आणत आला होता. जेवणाआधी टेबलावरून ती उचलता उचलता तिला सगळ्या खुणा पाठ झाल्या होत्या. या खुणेचा अर्थ एकच: काढून टाका.

"पुतणीचा फोन म्हणे फोटो काढून आपल्या भाषेत वाचतो," ती म्हणाली. "तिच्याकडून वाचून घेऊ, की तुम्ही वाचता?"

तो वाचायला लागला. घाबरू नका, हेही त्यानं वाचलं. ती शेवटपर्यंत टेबलाच्या कडेकडे बघत होती. तो थांबल्यावर तिनं विचारलं ते भलतंच.

"मधलं मशीन?"

"मधलं."

"खिडकीपाशी."

"हो."

त्यानं सांगायचा प्रयत्न केला, की त्या वेळी तिची पाठ दुखत होती, तिकडची थंडी, इकडची कामं. ती ऐकून घेत होती. शिवायला आणलेल्या कापडातला दोष गिऱ्हाईक लपवतं तेव्हा ऐकून घ्यायची, तशी.

"मी गेले असते असं नाही," ती म्हणाली. "बहुतेक नसतेच गेले. तुम्हाला चहा करता येत नाही, दुधाचं पातेलं करपवता. पण नाही म्हणायचं ते माझ्या तोंडानं. तेवढंही तुम्ही गाळून टाकलंत. आणि नऊ वर्षं मी त्या बाईला नावं ठेवतेय, शेजारच्यांना सांगतेय. अहो, तुम्ही तिथेच बसलेले असायचात."

यावर तो थांबला. या वेळी ती वाट बघत बसली नाही. तिनं वहीतला कागद फाडून त्याच्यापुढे सरकवला आणि लिहा म्हणाली.

ती सांगत गेली, तो लिहीत गेला. तुझं पत्र मिळालं होतं. ते मला पूर्ण वाचून दाखवलं नाही. इथे त्यानं हळूच सुचवलं, की काही गैरसमजामुळे असं म्हटलं तर बरं दिसेल. तिनं विचारलं, "गैरसमज कोणाला झाला होता?" त्यानं तो शब्द सोडून दिला. नवऱ्यानं लपवलं, असं लिहून झालं. मी वर्षभर वाट पाहिली. मग तुझ्याबद्दल वाईट बोलले, त्याची माफी मागते. मधलं मशीन आता कुणाला तरी मिळालं असेल. ती चांगली शिवते का? तू आहेस का?

मग त्यानं ते तिकडच्या भाषेत उतरवलं. इतकी वर्षं जमवलेले अलंकार, म्हणी, लांबलचक आदरार्थी वळणं, त्यातलं एकही तिच्या वाक्यांत मावेना. छोटी, उघडी वाक्यं झाली. त्याच्या आयुष्यात त्या भाषेत लिहिलेली एवढी साधी वाक्यं हीच. संध्याकाळी पुतणीनं येऊन फोनसमोर कागद धरला. फोननं सपाट आवाजात, मध्ये कुठेही न थांबता सगळं वाचलं. नवऱ्यानं लपवलं, हेही. पुतणी जमिनीकडे बघत होती. बायको म्हणाली, बरोबर आहे.

सकाळी तिनं पाकीट त्याच्या हातात दिलं. तू येतेस ना, असं त्यानं विचारलं. ती मागच्या खोलीतून मोडक्या खुर्च्या बाहेर काढत होती. मशीन तिकडे हलवायचं होतं, आणि आपलं अंथरूणही.

"मी कशाला? टाकायचं तर टाका, नाहीतर आणखी एखादा कोश शोधा. मी विचारणार नाही."

आणि ती विचारणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. पोस्टापर्यंत दहा मिनिटांची वाट; त्याला अर्धा तास लागला. खिडकीपलीकडच्या बाईनं पत्ता वाचला. जुना दिसतोय, म्हणाली, माणूस नसेल तर परत येईल. पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता मागे लिहा. पोच हवी का, असंही तिनं विचारलं. पोचपावती म्हणजे पुरावा. घरी नेऊन टेबलावर ठेवता आली असती, कात्रीखाली. तो नको म्हणाला.

आजवर त्या घरातून गेलेल्या प्रत्येक पाकिटावर मागे त्याचंच नाव असायचं. त्यानं पाकीट उलटलं आणि तिचं नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर तपासून. मग तिकीट चिकटवलं आणि बाहेर येऊन पत्र पेटीत टाकलं.