ठिपकीची अर्धल

निळीची आई तुरेवाली, तुरेवालीची आई भिंगरी आणि भिंगरीची आई ठिपकी. आमच्या घरात माणसांप्रमाणे कोंबड्यांचीही वंशावळ तोंडपाठ असते. हसू येणाऱ्यांनी खुशाल हसावे. या चौघींपैकी ठिपकी मात्र माझी नव्हती. ती शेजारच्या चांगुणाची होती.

ज्या वर्षी माझे यजमान अब्राहाम मास्तर गेले, त्याच वर्षी मानमोडीच्या साथीत माझे खुराडे रिकामे झाले. चांगुणा तेव्हा ऊसतोडीला निघाली होती. टेम्पोत भांडीकुंडी चढवून झाल्यावर तिने आपली खुडूक बसलेली ठिपकी, खालच्या अंड्यांसकट, पाटीतून आणून माझ्या ओट्यावर ठेवली.

"अर्धलीनं घ्या, बाई," ती म्हणाली. "घरात काय तरी हलतं-बोलतं असावं मानसाच्या."

अर्धल म्हणजे काय, हे आमच्या तिसगावात कोणाला सांगावे लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. कोंबडी एकीची, राखण दुसरीची. पिले मोठी झाली की निम्मी हिची, निम्मी तिची, आणि कोंबडी मूळ घरी परत. मधल्या काळात मेली ती दोघींच्याही वाट्यातून वजा. एवढाच कायदा.

पण चांगुणाच्या दाराला त्यानंतर वर्षानुवर्षे कुलूपच राहिले. कारखान्याचा हंगाम संपला की ती माणसे तिकडेच वीटभट्टीवर जात, आणि गावी येत ती लग्नकार्यापुरती. प्रत्येक वेळी मी पिले पुढे केली आणि प्रत्येक वेळी तिचे एकच उत्तर: "ठिवा तुमच्याकडंच. कुलपाला का दानं टाकू?" ठिपकी म्हातारी होऊन गेली, देणे मात्र उभेच राहिले. मी कोणाचे देणे अंगावर वागवणारी बाई नव्हे. तो विषय निघाला की मी जेवणावरून उठत असे.

यंदा संक्रांतीनंतर तिचा फोन आला.

"बाई, गुडघं गेलं माझं. आता पोरगा कल्याण आन् सूनच जात्याल उसाला, म्या पाडव्याला घरी येते ती कायमचीच. माझी अर्धल काढून ठिवा."

"काढून ठेवायला ती काय भाकरी आहे?" मी म्हटले. "ये आणि मोजून घे."

निळीखाली तेव्हा दहा पिले होती. बाकीचे खुराडे मुंगसाने आणि नाताळाने संपवले होते. दहातली पाच आणि ठिपकीच्या जागी निळी, असा हिशोब मी मनाशी पक्का केला. उरलेली पाच माझी. आमची गल्ली हंगामात कुलपांची असते. मागे राहतात ती माझ्यासारखी म्हातारी माणसे, आणि तीही एकमेकांशी फारसे बोलत नाहीत; बोलण्यासारखे सगळे केव्हाच बोलून झालेले असते. अशा गल्लीत पाच पिले पुष्कळ होतात.

एके सकाळी दाणे टाकताना एका पिलाच्या चोचीच्या मुळाशी पिवळसर पुटकुळी दिसली. टोचाटोचीची जखम असेल तर ती एका जागी असते आणि वाळते. उवांचा त्रास असेल तर पिसे उलटून शेपटीखाली पाहावे, तिथे त्या धावताना सापडतात. पायाचे खवले उचलले असतील तर खाजेचा किडा. हे तिन्ही मी पाहिले, तिन्ही नव्हते. दुसऱ्या दिवशी पुटकुळ्या पापण्यांवर चढल्या, तिसऱ्या दिवशी काळ्या पडून त्यांची खपली झाली. मग शंका उरली नाही. कोंबड्यांची देवी होती.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "आजी, लस निरोगी कोंबडीला असते. अंगावर आल्यावर औषध नाही. जखमा चिघळू देऊ नका, डोळे जपा, डास येऊ देऊ नका."

"ते मला माहीत आहे," मी म्हटले. "तुम्हाला आणखी काही माहीत आहे का, एवढ्यासाठी फोन केला."

आजारी पिले मी डॅनीच्या खोलीत हलवली. डॅनी माझा मुलगा, पुण्यात असतो. त्या खोलीत कित्येक महिन्यांनी माणसाची हालचाल झाली. त्याच्या टेबलावर मी कोमट पाण्याची वाटी, कापूस, आयोडीन आणि हळद घातलेले खोबरेल मांडले. खपली ओढायची नाही, ओढली की रक्त येते आणि रोग पसरतो. ती आपोआप गळू द्यायची आणि गळालेली चुलीत टाकायची. चिकटलेला डोळा कापसाने भिजवून हळूच उघडायचा. चोच उघडत नसेल तर ज्वारीच्या पिठाची पातळ पेज थेंबाथेंबाने पाजायची. दारात कडुलिंबाचा धूर.

रविवारी प्रार्थनेहून आल्यावर डॅनीचा फोन आला, चेहरा दाखवणारा.

"आई, माझ्या पलंगावर कोण आहे?"

"पाहुणे."

"दहा पिलांसाठी एवढं? बाजारात लसवाली मिळतात. मी पैसे पाठवतो, दुसरी घे."

"तुला गोवर आला होता तेव्हा तुझ्या आजीने मला हेच सांगायला हवे होते."

तो हसला. मग त्याला दुसरा फोन आला.

पाच पिले गेली. प्रत्येकाला मी परसात शेवग्याच्या पलीकडे खोल पुरले, कुत्र्यांनी उकरू नये इतके खोल. पाच वाचली. त्यांतल्या एकीचा उजवा डोळा कायमचा मिटला. ही काणी दिवेलागणीला माझ्या पायाशी येऊन बसू लागली. मी पवित्र शास्त्र वाचत असे आणि ती चांगल्या डोळ्याची बाजू माझ्याकडे करून ऐकत असे. मोठ्याने वाचण्याची सवय मला मास्तर गेल्यापासून सुटली होती. ती परत लागली.

पाडव्याच्या सकाळी चांगुणाने कुलूप काढले, घर झाडून सारवले आणि डालगे घेऊन माझ्या अंगणात आली. गुडघे धरून ओट्यावर टेकली.

"लई थकलात, बाई."

"तूही काही नवरी दिसत नाहीस."

"किती हायती?"

"दहा होती. देवी आली. पाच राहिली."

तिने बोटांवर हिशोब केला. "मंजी माझी अडीच. दोन द्या. आर्ध्याचं का कालवन करायचंय?"

"तुझी पाच. आणि ही निळी, ठिपकीच्या जागी."

"आवो, मेल्याली दोघींची असत्यात. रीतच हाय तशी."

"माझ्या हाताखाली गेली ती माझ्या वाट्यातली गेली."

"तुमच्या हातानं का मारली तुमी? देवीनं नेली."

"चांगुणा, पाटी तू ठेवलीस तेव्हा मी रीत विचारली नव्हती. आता तू विचारू नकोस. धर."

मी एकेक पिलू उचलून डालग्यात ठेवत गेले. चार झाली. पाचवी माझ्या पदराशी उभी होती. चांगुणाची नजर मोठी तयार. तिने ते पाहिले.

"ही काणी तुमालाच ऱ्हाऊ द्या. आंधळं पोर का कुनी हिशोबात धरतं? म्या चार न्हेते, खुशीनं."

समोर तिच्या उघड्या दारातून नुकत्याच सारवलेल्या घराचा वास येत होता. तिच्या घरातही आता दुसरे कोणी नव्हते; कल्याण आणि सून उसाच्या फडात होती. काणीने मान वळवून चांगला डोळा माझ्याकडे केला.

"तिला डावीकडून दाणे टाकायचे," मी म्हटले. "उजवीकडून टाकलेस तर उपाशी राहील. आणि संध्याकाळी तिच्याशी काही बोलत जा. काहीही चालते."

मी तिला उचलून डालग्यात ठेवले. मग निळीला पाय धरून वर. चांगुणाने डालग्यावर फडके बांधले आणि बराच वेळ उठली नाही.

"आता तोंडाने सांग," मी म्हटले.

"काय सांगू?"

"जे सांगायचे असते ते."

तिने डालगे कमरेवर घेतले. "ठिपकीची अर्धल फिटली, बाई," ती म्हणाली. "समदी फिटली."